मागच्या फाटकाचं कुलूप

लोणावळा,
३० मार्च २०२५

प्रिय आक्कास,
जय ख्रिस्त.

तुला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मानत नाहीस, म्हणून शेवटी पत्रावर आलो. अक्षराला नावं ठेवू नकोस. अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या पोरांच्या वह्या तपासल्यास तेवढं पुरे झालं.

इथल्या चर्चवर धर्मगुरू म्हणून येऊन मला नऊ महिने होत आले. तुंगार्लीच्या चढावर जुनं दगडी चर्च आहे, मागे मोठं आवार, आणि आवारात विहीर. भर उन्हाळ्यातही पाणी हटत नाही म्हणतात. शनिवार-रविवारी खाली पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, पण वर आमच्याकडे पानांचा आवाज ऐकू येतो.

खरी बातमी पुढे आहे. येत्या १७ एप्रिलला पवित्र गुरुवार. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून आम्ही बारा जणांचे पाय धुतो, हे तुला मी काय सांगायचं. पण इथे वर्षानुवर्षं तेच बारा जण. सगळे पुढच्या बाकांवरचे. आमचे पॅरिश कौन्सिलचे डिमेलो अंकल, रेल्वेतले निवृत्त गार्ड, ते तर घरूनच पाय साबणाने घासून, वर पावडर लावून येतात असं ऐकलं. धुवायला काही शिल्लक तरी ठेवावं की नाही?

म्हणून यंदा मी यादीच बदलली. बाराही कष्टकरी माणसं! चिक्कीच्या भट्टीवरचा दत्तोबा, सिलिंडर पोचवणारा पप्पू, बंगल्यांच्या बागा सांभाळणारा सखाराम. आणि बाराव्या आमच्या नंदाबाई. एकोणीस वर्षं त्या आपलं चर्च झाडतात. आवाराच्या मागे उतारावर बौद्धवस्ती आहे, तिथल्या. त्यांचे पाय मी सगळ्यात शेवटी धुणार आहे. पुण्याहून आपल्या मासिकाचा फोटोग्राफर येतोय. कौन्सिलमध्ये थोडी कुरकुर झाली, पण मी ठाम राहिलो. आक्का, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटतंय की मी नुसता रविवारच्या मिस्साच्या प्रार्थना म्हणणारा माणूस नाही, काहीतरी करतोय.

तुझा धाकटा,
याकोब


श्रीरामपूर,
६ एप्रिल २०२५

चि. याकोब यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर सातवीतल्यापेक्षा वाईट आहे.

बेत चांगला आहे. पण तुझ्या पत्रात 'मी' हा शब्द फार वेळा आला, म्हणून दोन गोष्टी लिहिते. लहानपणी शेतातून चिखल तुडवत यायचास तेव्हा तुझे पाय मी दगडावर घासून धुतले, ते जवळजवळ दहा वर्षं. माझा एकही फोटो निघाला नाही. निघाला असता तर मला आवडलाच असता, ते सोड.

दुसरी गोष्ट. पाय धुणाऱ्याला वाकावं लागतं, तेवढं जमतं माणसाला. ज्याचे धुतले जातात त्याला चारचौघांत खुर्चीवर बसून राहावं लागतं, ते जड जातं. तर नंदाबाईंना तू विचारलंस का? सांगितलंस असं नव्हे, विचारलंस का?

फोटो मात्र पाठव. टेबलाच्या काचेखाली ठेवीन.

तुझी,
आक्का


लोणावळा,
२० एप्रिल २०२५

प्रिय आक्कास,
प्रभू उठला आहे! तुला आणि घरातल्या सगळ्यांना ईस्टरच्या शुभेच्छा.

सोहळा यथासांग पार पडला. चर्च गच्च भरलं होतं. दत्तोबाच्या पायाला गुळाचा पाक चिकटलेला होता, तो निघता निघेना, त्यावर सगळे हसले आणि तोही हसला. फोटोग्राफर खूश होऊन गेला. पुढच्या अंकात मुखपृष्ठावर घेतो म्हणतो. फोटो सोबत जोडला आहे.

बाकी विशेष काही नाही. जरा दमलोय. ऊन कडक आहे. तू औषधं वेळेवर घेत जा.

तुझा,
याकोब


श्रीरामपूर,
२७ एप्रिल २०२५

चि. याकोब यास,
आशीर्वाद.

फोटो छान आहे. तुझं पोट सुटलंय.

मास्तरणीला मोजायची खोड असते. सहलीला नेलेली पोरं मोजून परत आणावी लागतात. मी फोटोतली माणसं तीनदा मोजली, शेजारच्या रेणुकाकडूनही मोजून घेतली. अकरा जण भरतात. बारावी खुर्ची आहे, पण तिच्यावर कुणाची तरी कापडी पिशवी ठेवलेली आहे. आणि अकरा जणांत बाई एकही नाही.

मी विचारलं होतं त्याचं उत्तरही तुझ्या पत्रात नाही. ऊन कडक आहे, हे मला श्रीरामपुरात बसून कळतं.

आक्का


लोणावळा,
५ मे २०२५

प्रिय आक्कास,

पिशवी माझीच होती. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून मीच ती ठेवली.

आता सगळं सांगतो. मी त्यांना विचारलं नव्हतं. १४ एप्रिलला वस्तीवर बाबासाहेबांची जयंती होती, मला भाषणाला बोलावलं होतं. भाषण रंगलं, टाळ्या पडल्या आणि त्या भरात मी माइकवरूनच जाहीर करून टाकलं की येत्या गुरुवारी मी आपल्या नंदाबाईंचे पाय धुणार आहे. मला वाटलं, आणखी टाळ्या पडतील. एक माणूस हलला नाही. नंदाबाई पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. मी समजलो, लाजल्या.

गुरुवारी दुपारी मी वेदीपाशी गेलो तर त्या पाय धुण्याची पितळी परात विहिरीच्या पाण्याने भरत होत्या. दरवर्षी ती त्याच भरतात. मी म्हणालो, "आज हे दुसऱ्या कुणाला करू द्या, आज तुम्ही पाहुण्या."

त्यांनी कळशी खाली ठेवली. "फादर, माजं पाय धुवायचं न्हाईत."

"का हो? बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? हे पानी कुटलं, सांगा."

"आपल्या विहिरीचं."

"आपल्या व्हय? मागच्या फाटकाला कुलूप हाय. माजा सासरा तितं खाटंवर पडल्याला हाय, त्याला ह्या हिरीची एक कळशी न्हेता येत न्हाई मला. आन् त्याच पान्यानं तुमी माजं पाय धुनार, फोटूवाल्याम्होरं? न्हाई जमायचं."

आवाज चढवला नाही. परात काठोकाठ भरली, कड पुसली आणि रोजच्या वेळेला घरी गेल्या. मी अकरा जणांचे पाय धुतले. शेवटच्या खुर्चीपाशी परात घेऊन क्षणभर उभा राहिलो, तेव्हा लोकांना वाटलं मी प्रार्थना करतोय.

कुलपाचं असं आहे. नऊ वर्षांपूर्वी पिकनिकला आलेलं एक दारू प्यालेलं पोरगं विहिरीत पडलं. वाचलं, पण कौन्सिल घाबरलं, बाहेरच्यांना विहिरीवर पाणी भरायची बंदी झाली आणि मागच्या फाटकाला कुलूप लागलं. त्याच्या आधी सगळी वस्ती त्या फाटकातून येऊन पाणी नेत असे. मी इथे आलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं मी आत्ता वर लिहिलं होतं आणि खोडलं. कारण ऑक्टोबरात ते जुनं कुलूप गंजलं तेव्हा मी स्वतः बाजारात जाऊन नवीन आणलं, दुकानातलं सगळ्यात जड. नंदाबाई झाडत होत्या. म्हणाल्या, "फादर, परत लावताच कशाला? राहू द्या की तसंच." मी म्हणालो, "सुरक्षेचा प्रश्न आहे, नंदाबाई." चावी माझ्या ऑफिसच्या दारामागे खिळ्याला आहे. रोज दिसते.

मला फार लाज वाटते आहे, आक्का. नम्रता शिकवायला निघालो होतो. काय करू ते सांग.

याकोब


श्रीरामपूर,
११ मे २०२५

चि. याकोब यास,

तुला रागावणार नाही. तू खोडलेलं वाक्य मला कळवलंस, तेवढ्यावर मी खूश आहे.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू फादर व्हायला सेमिनरीत गेलास, शिकलास, म्हटलं कशाला. आईने मला सांगितली होती. आपली आजी गावच्या विहिरीपाशी घागर ठेवून दहा पावलं मागे उभी राहायची. कुणाच्या मनात आलं तर तो वरून पोहरा ओतायचा. तहान लागली असेल तर ओंजळ धरायची, आणि ओतणारा हात उंच धरायचा, शिवू नये म्हणून. निम्मं पाणी लुगड्यावर सांडायचं. मग मिशनच्या फादरांनी विहीर खणली. त्या दिवशी आजीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पोहरा ओढला. आई सांगायची, घागर भरून वाहायला लागली तरी ती ओढतच राहिली, थांबेना. आपलं घर चर्चमध्ये आलं ते कुणाचं प्रवचन ऐकून नाही, बाबा. त्या पोहऱ्यामुळे आलं. नंदाबाईंच्या घराने छप्पन साली दुसरी वाट धरली. निघालो होतो एकाच ठिकाणाहून.

आणि त्या घरच्या पोराने विहिरीला कुलूप आणलं. तेही दुकानातलं सगळ्यात जड!

तुझं नावही बघ काय ठेवलंय. याकोबाच्याच विहिरीपाशी प्रभूने एका परक्या बाईशी बोलणं काढलं, ते पाणी मागून. तू एकदम परात घेऊनच निघालास.

काय करू म्हणतोस ना, तर ऐक. उद्यापासून त्या विहिरीचं पाणी तुला बंद. नंदाबाई जिथून भरतात तिथून भरायचं, स्वतः, पाऊस लागेपर्यंत. कुणाला कारण सांगायचं नाही. प्रवचनात तर मुळीच नाही.

तुझी,
आक्का


लोणावळा,
१ जून २०२५

प्रिय आक्कास,

तुझी शिक्षा भोगली. खांदा अजून दुखतोय.

वस्तीला एक नळ आहे, एक दिवसाआड पाऊण तास येतो. पहिल्या दिवशी बादली घेऊन रांगेत उभा राहिलो तर मागून कुणीतरी म्हणालं, "फादर, आज फोटूवाला कुटंय?" सगळे हसले. कान गरम झाले माझे, पण बोललं ते खोटं नव्हतं. दुसऱ्या खेपेला हंडा खांद्यावर घेतला आणि चढावर असा घसरलो की हंडा गडगडत थेट बुद्धविहाराच्या भिंतीला जाऊन आपटला. त्या दिवशी तर लोक पोट धरून हसले. जरा वेळाने मीही हसलो.

नंदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी घरातून जुन्या लुगड्याचा तुकडा आणला, पिळून त्याची चुंबळ केली आणि हंडा माझ्या डोक्यावर चढवला. "मान ताट ठिवा. खाली बगू नका. पायाला वाट कळती." मी वरपर्यंत पोचलो. धर्मगुरू होताना बिशपांनी मस्तकावर हात ठेवला त्या दिवसानंतर इतका आनंद मला झाल्याचं आठवत नाही.

त्यांचे सासरे रखमाजी आबा यांनाही भेटलो. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. आपली विहीर खोल केली तेव्हा त्यांचे वडील खाली खणत होते आणि हे लहान असून पाट्या वाहत होते. मला एकच विचारलं, "हिरीला पानी हाय का आजून?" हो म्हणालो. "आसंलच. झरा मावळतीच्या अंगाला हाय." एवढं बोलून भिंतीकडे वळले.

एकदा चढावर डिमेलो अंकल भेटले. "फादर, हे काय? आपल्याकडे मोटर आहे!" म्हटलं, "मोटर आहे अंकल, पण मागचं फाटक बंद आहे." त्यानंतर दोन रविवार ते पुढच्या बाकावर दिसले नाहीत.

यंदा पाऊस मेमध्येच आला. काल कौन्सिलमध्ये मी फाटकाचा विषय काढला, तर सगळे म्हणाले, "फादर, आता पाणीच पाणी आहे, प्रश्न उरला कुठे?" कुणी म्हणालं, आज पाणी मागतील, उद्या जागा मागतील. मी विषय तिथेच सोडला. तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही म्हणून लिहितो, मला सुटल्यासारखं वाटलं.

तुझा,
याकोब


श्रीरामपूर,
८ जून २०२५

चि. याकोब यास,

चुंबळ जपून ठेव. लागेल.

सुटल्यासारखं वाटलं म्हणतोस, मग कुलूप तुझं तुला पुरेसं जड वाटलेलं नाही. लोणावळ्याचा पाऊस दसऱ्याला संपतो. माघात त्या बायका पुन्हा त्याच रांगेत असतील आणि तू दारामागच्या खिळ्याकडे बघत असशील. कौन्सिलला काय वाटतं ते कौन्सिल बघेल. देवळाची जबाबदारी घेणं म्हणजे नुसती कौलं बदलणं असतं तर तुझ्या जागी गवंडी नेमला असता.

आता मला पत्र लिहू नकोस. कुलूप निघेल त्या दिवशी लिही. मी काही लगेच मरत नाही.

आक्का


लोणावळा,
९ मार्च २०२६

आक्का, निघालं!

नऊ महिने जीभ चावून बसलो होतो. आता सावकाश, क्रमाने सांगतो, नाहीतर तू लाल शाईने विचारशील की आधी काय घडलं.

जानेवारीत नळाला पुन्हा रांग लागली, तशी मी चुंबळ काढली. कुणाला काही सांगितलं नाही. पण आठवड्याभरात चर्चमध्ये गाणाऱ्या आमच्या कोयरमधली चैताली कळशी घेऊन माझ्या मागे उभी राहिली. मग आणखी दोघी. फेब्रुवारीत चर्चची चौदा माणसं त्या चढावर हंडे वाहत होती. आम्हाला वाटलं, केवढं मोठं काम करतोय. शेवटी नंदाबाईंनीच कमरेवर हात ठेवून सुनावलं, "फादर, तुमी लय चांगली मान्सं. पर आमचंच पानी पळवाया लागलाय की! रांग दुप्पट झाली." आक्का, मला रस्त्यातच खाली बसावंसं वाटलं. आमची नम्रताही त्यांच्याच नळावर चालली होती.

काल, रविवारी, नेमकं त्या परक्या बाईचं आणि विहिरीचं शुभवर्तमान होतं. मी सात पानांचं प्रवचन लिहून नेलं होतं. वाचन संपलं आणि कागद दुमडून खिशात घातले. एवढंच म्हणालो, "मागच्या फाटकाचं कुलूप मी विकत आणलं. सुरक्षेसाठी म्हणून आणलं. ज्यांना ते बंद झालं त्यांच्यातल्या एकीचे पाय मी गेल्या वर्षी तुमच्यासमोर धुणार होतो. त्यांनी नको म्हटलं, ते बरोबर होतं. चावी आज माझ्या खिशात आहे. तुमच्याशिवाय मी ती फिरवू शकतो, पण मग ती फक्त माझी चावी राहील." आणि खाली बसलो.

मिस्साच्या मध्ये आपल्याकडे कुणी उठून बोलत नाही. डिमेलो अंकल उठले. मला वाटलं, आता संपलं सगळं.

"ते पोरगं पडलं त्या संध्याकाळी मी इथेच होतो," ते म्हणाले. "गाडी घेऊन आलं होतं, पुढच्या गेटने. पुढच्या! आणि आपण कुलूप लावलं मागच्या गेटला. पुढचं गेट आजही उघडं आहे. मी तीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो. गाडी कुठून आली आणि लाल सिग्नल कुठल्या वाटेला द्यायचा, एवढं मला कळायला हवं होतं. दहा वर्षं मी हे कुणाला बोललो नाही. फादर, चला."

आणि चालायलाच लागले, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, मधल्या वाटेने. त्यांच्यामागे सगळं चर्च उठलं. प्रवचनानंतरचा विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणायचा राहिला होता, तो आम्ही विहिरीच्या काठावर म्हटला. इतक्या मोठ्याने तो मी कधी ऐकला नव्हता.

नंदाबाई आवारातल्या हॉलची फरशी पुसत होत्या. मी चावी त्यांच्यापुढे धरली. मला वाटलं, कुलूप त्यांच्या हातून निघावं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तुझी आठवण झाली. "कुलूप तुमी आनलं, तुमीच काडा. माजं हात वलं हायत."

मग मीच काढलं. चावी फिरली, पण फाटक हलेना, बिजागऱ्या गंजलेल्या. गलका ऐकून पलीकडून वस्ती गोळा झाली. नंदाबाईंचा मुलगा संदेश वर्कशॉपात वेल्डर आहे, तो म्हणाला, "अंकल, उगाडल्यालं फाटक परत लागतं. म्हनत असाल तर बिजागऱ्याच कापतो."

डिमेलो अंकल म्हणाले, "काप."

तासाभरात फाटक गवतात आडवं पडलं होतं. त्याच लोखंडाची जाळी संदेश विहिरीच्या तोंडावर बसवतोय, पोहरा जाईल एवढीच जागा ठेवून, म्हणजे पुन्हा कुणाचं पोर पडणार नाही. मोजमाप डिमेलो अंकल घेतायत. दोघं सकाळपासून भांडतायत आणि एकाच डब्यातलं खातायत.

रखमाजी आबांना खुर्चीत बसवून वर आणलं. पहिला पोहरा नंदाबाईंनी ओढला. आबांनी तांब्या तोंडाला लावला, बराच वेळ पीत राहिले. मग म्हणाले, "व्हय. तेच हाय." सगळी वस्ती आणि सगळं चर्च एकदम ओरडलं. मी रडलो, आक्का. सगळ्यांसमोर, नाक पुसत, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

कुलूप टेबलावर ठेवलंय. तुझ्या पत्रांवर वजन म्हणून छान बसतं.

तुझा,
याकोब


श्रीरामपूर,
१५ मार्च २०२६

चि. याकोब यास,

पत्र तीनदा वाचलं. रेणुकालाही वाचून दाखवलं, तिला मध्येच उठून तोंड धुवावं लागलं. मी उठले नाही, मला दिसेनासं झालं होतं.

आता गुरुवार येईल. नंदाबाईंना बोलावू नकोस. खुर्चीही रिकामी ठेवू नकोस, तेही बोलावणंच झालं.

तुझी,
आक्का


लोणावळा,
४ एप्रिल २०२६

प्रिय आक्कास,

उद्या ईस्टर. मेणबत्त्या मोजून झाल्या, आता तुला लिहितो.

तू सांगितलंस तसंच केलं. नंदाबाईंना एक शब्द बोललो नाही. बारा खुर्च्या, बारा माणसं. यंदा नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. बाराव्या खुर्चीवर डिमेलो अंकल, बूट-मोजे काढून, पावडर न लावता.

गाणं सुरू झालं. मी झगा उतरवला, कमरेला टॉवेल बांधला आणि परातीकडे वळलो, तर परात कोरडी. नंदाबाईंनी ती भरलीच नव्हती. एकोणीस-वीस वर्षांत पहिल्यांदा. मी इकडेतिकडे बघतोय, कोयरवाले तेच कडवं पुन्हा म्हणतायत.

तेवढ्यात मागच्या दाराने त्या आल्या. पांढरी साडी, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरलेली कळशी, हात सोडलेले. मधल्या वाटेने, मान ताठ ठेवून, खाली न बघता, वेदीपर्यंत आल्या. कळशी उतरवली, परातीत ओतली आणि मला म्हणाल्या, "पानी मी आनलंय फादर. आमच्या हिरीचं. आता धुवा."

डिमेलो अंकल अनवाणीच उठले आणि खुर्ची हाताने पुसून बाजूला झाले. नंदाबाई बसल्या. सगळ्यात शेवटी नाही, सगळ्यात आधी मी त्यांचे पाय धुतले. त्या वाकून हळूच म्हणाल्या, "टाचंला जपून, भेग हाय." आक्का, वीस वर्षांत मी पुष्कळ प्रार्थना म्हटल्या. त्या वेळी जे मनात आलं त्याला शब्दच नव्हते. एवढंच कळलं की मी कुणाला काही देत नाहीये, मला मिळतंय.

फोटो नाही. कुणाला सुचलंच नाही.

प्रभू उठला आहे, आक्का. उद्या म्हणायचं ते आजच म्हणतो.

तुझा,
याकोब


श्रीरामपूर,
१० एप्रिल २०२६

चि. याकोब यास,
तो खरोखर उठला आहे.

टेबलाच्या काचेखाली गेल्या वर्षीचा अकरा जणांचा फोटो होता, तो काढला. तिथे तुझं पत्र घातलं. अक्षर वाईट आहे, पण राहू दे.

मे महिन्यात मी येतेय. रेणुका सोबत आहे, गाडीचं तिकीट काढलं. स्टेशनवर घ्यायला ये, आणि थेट विहिरीवर ने, चहा नंतर. नंदाबाईंना माझा जयभीम सांग. म्हणावं, फादरची बहीण येतेय, पण तिच्यासाठी कुणी पाणी भरून ठेवू नका आणि ओतूनही देऊ नका. आजीने ओढला तसा पोहरा मला माझ्या हाताने ओढायचा आहे. गुडघे गेले, हात शाबूत आहेत. घागर भरून वाहायला लागली तरी मला थांबवू नका.

तुझी,
आक्का